एसाविराच्या चौकात क्युबा

सोमवार, टँजिअर

स्पेनमधल्या तारिफाहून सुटलेली बोट तासाभरात टँजिअरला लागते. पासपोर्टवर मोरोक्कोचा शिक्का बोटीतच मारून घ्यावा लागतो, त्यामुळे निम्मा प्रवास रांगेत जातो. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद ठिकाणी जेमतेम १४ किलोमीटर. एवढंसं पाणी, पण अरबांचा ऊद, म्हणजे फुगीर पोटाचं तारवाद्य, याच वाटेने स्पेनमध्ये गेला आणि त्याची भावंडं पुढे स्पॅनिश जहाजांतून थेट क्युबाला पोचली. क्युबाच्या खेड्यांतल्या गाण्यांत आजही बारा तारांचा लाऊद वाजतो.

माझी भाची सई माद्रिदला असते. एका लॅटिन बँडमध्ये बास गिटार वाजवते. मी पुण्यात गायकांना हार्मोनियमची साथ करते. आमचा वाद जुना आहे. अरबी गाण्यातले सूर पियानोच्या पट्ट्यांमध्ये मावत नाहीत, तेव्हा त्यात क्युबन पियानो घुसवणं म्हणजे दोघांचंही नुकसान, असं मी म्हणायची. ती म्हणायची, "मावशी, तू सूर धरून बसतेस. ताल ऐक ना जरा." शेवटी तिनेच एसाविराच्या ग्नावा महोत्सवाचं ठरवलं आणि मला माद्रिदला बोलावून घेतलं. जूनअखेर अटलांटिकच्या काठावरच्या त्या छोट्या गावात मोरोक्कोच्या ग्नावा वादकांसोबत क्युबा, ब्राझील, अमेरिका, माली अशा ठिकाणचे कलाकार एकाच मंचावर बसतात. १९९८ पासून हे चालू आहे. टँजिअर मात्र माझ्या आग्रहाने मध्ये घातलं. या सगळ्या मिश्रणाची एक जुनी पायरी इथे आहे.

दुपारी जुन्या शहराच्या, म्हणजे मेदीनेच्या, बोळांतून इब्न बतूताच्या कबरीपाशी गेलो. चौदाव्या शतकातला हा प्रवासी इथलाच, जन्म १३०४ चा. आपल्याला तो तुघलकामुळे ठाऊक असतो, पण आपल्या दौलताबादबद्दलही त्याने झकास लिहून ठेवलंय. तिथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार होता, नाव तरबाबाद. बाजाराच्या मधोमध एक घुमट, आणि तिथे दर गुरुवारी गायकांचा प्रमुख येऊन बसायचा. मग एकेक ताफा समोर येऊन गायचा. टँजिअरच्या माणसाने औरंगाबादजवळची मैफल लिहून ठेवली, त्याची फेड म्हणून मी टँजिअरच्या मैफलीबद्दल लिहायला हरकत नसावी.

ती संध्याकाळी ऐकली. कसबा, म्हणजे जुन्या किल्ल्याजवळ, एक टीचभर खोली आहे, तिथे गावातली वयस्क मंडळी जमून अंदालुसी संगीत वाजवतात. मंडळाचं नाव 'सामुद्रधुनीचे पुत्र', अर्थात फ्रेंचमध्ये. तिकीट नाही, पुदिन्याचा चहा घ्यायचा, पैसे ठेवायचे. व्हायोलिन मांडीवर उभं धरून वाजवतात, आपल्याकडे सारंगी धरतात साधारण तसं. सोबत ऊद, दरबुका नावाचा हातढोल आणि झांजा लावलेली डफली. मोरोक्कोत या संगीताच्या अकरा नूबा, म्हणजे रचनामाला, टिकून आहेत. प्रत्येक नूबा संथ लयीत सुरू होते आणि शेवटाकडे चांगलीच वेगात धावते. परंपरा सांगते की बीज बगदादहून आलं: झिर्याब नावाचा गवई ८२२ साली कॉर्डोबाला पोचला आणि त्याने अंदालुसियाच्या गाण्याला वळण लावलं. पुढे १४९२ मध्ये ग्रनाडा पडलं आणि १६०९ नंतर उरलेल्या मोरिस्कोंनाही, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमानांनाही, स्पेनमधून हाकललं, तेव्हा हे गाणं सामुद्रधुनी ओलांडून तेतुआन, फेझ, शेफशाऊएन इथे आलं.

मला एक गोष्ट लगेच जाणवली. कैरोच्या गाण्यात जे मधले सूर असतात, कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधोमध बसणारे, ते इथे जवळजवळ नाहीत. मोरोक्कन अंदालुसी संगीत बरंचसं सरळ पट्ट्यांवर चालतं. म्हणजे माझ्या वादातला निम्मा दारूगोळा पहिल्याच संध्याकाळी भिजला. सईला मी हे सांगितलं नाही.

मंगळवार, टँजिअर

सकाळी बिसारा खाल्लं. वाळवलेल्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड. उत्तर मोरोक्कोत हीच न्याहारी, आणि त्यावर दुपारपर्यंत सहज निभतं.

आजचा दिवस रँडी वेस्टनचा. ब्रुकलिनचा हा पियानिस्ट (१९२६–२०१८), उंची साडेसहा फुटांहून जास्त. १९६७ मध्ये अमेरिकी सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यावर आफ्रिकेत फिरून गेला आणि पुढे टँजिअरमध्येच येऊन राहिला. इथे त्याने 'आफ्रिकन ऱ्हिदम्स' नावाचा क्लब चालवला, १९७२ मध्ये शहरात महोत्सवही भरवला आणि मग आर्थिक झळ सोसून परत गेला. पण जाण्याआधी त्याची गाठ अब्देल्ला अल गुर्द या ग्नावा वादकाशी पडली. अल गुर्द व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या टँजिअर केंद्रात नोकरी करायचे. दिवसा अमेरिकी रेडिओ आणि रात्री ग्नावा! जॅझ ऐकवणारी रेडिओची दुनिया आणि वेस्टनला हवी असलेली आफ्रिका एकाच माणसात सापडली, याहून सोयीचं काय असणार.

ग्नावा म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. सहाराच्या दक्षिणेकडून, बांबारा, हौसा, सोंघाय अशा समाजांतून, गुलाम आणि सैनिक म्हणून मोरोक्कोत आणलेल्या लोकांचे हे वंशज. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाने सोंघाय राज्य जिंकलं, त्यानंतर ही ने-आण वाढली. ते मुसलमान झाले, अरबीत गाऊ लागले, पण गाण्यात दक्षिणेकडचे शब्द राहिले. आद्य मुअझ्झिन, म्हणजे पहिली अजान देणारे, बिलाल यांना ते आपले आध्यात्मिक पूर्वज मानतात. हे वाचताना जंजिऱ्याचे सिद्दी आठवले नाहीत तरच नवल. आपले सिद्दी पूर्व आफ्रिकेतून आले, ग्नावा पश्चिमेकडून, त्यामुळे थेट नातं जोडू नये. पण गुजरातेत रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर धमाल वाजवणारे सिद्दीही बिलाल यांचंच नाव घेतात.

अल गुर्द यांचं घर 'दार ग्नावा' मेदीनेत आहे. भिंतीभर फोटो. एका तरुण मुलाने आम्हाला गिंब्री दाखवली: लाकूड कोरून केलेला लांबट पेटीसारखा देह, त्यावर उंटाचं कातडं, आतड्याच्या तीन तारा, दांड्याच्या टोकाला कड्या जडवलेला पत्रा. तार छेडली की तो पत्रा झणझणतो, आणि बोटांनी कातड्यावर थापही मारता येते. म्हणजे एकाच वाद्यात खर्ज, ठेका आणि घुंगरू. सईने ती हातात घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही.

तिथे वेस्टनचा एक तुकडा आम्ही फोनवर पुन्हा ऐकला, 'ब्लू मोझेस', १९७२ चा. सिदी मूसाच्या ग्नावा गाण्यावरून केलेला. ग्नावांच्या विधीत सिदी मूसा समुद्राचे, त्यांचा रंग निळा. पियानोचा डावा हात गिंब्रीची चाल धरतो आणि उजवा हात ब्रुकलिनला जाऊन येतो. पुढे १९९२ मध्ये वेस्टनने माराकेशला जाऊन ग्नावा उस्तादांचं ध्वनिमुद्रण केलं, त्यात स्वतः जवळजवळ गप्प राहून. त्या गप्प राहण्याबद्दल मला या माणसाचा फार आदर वाटतो.

संध्याकाळी काफे हाफा. १९२१ पासूनचं. कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी टेबलं, समोर स्पेन. चहा गोड, इतका की दुसरा पेला मागवायचं धाडस होत नाही.

बुधवार, रस्त्यात

टँजिअर ते कासाब्लांका 'अल बुराक' गाडी. ताशी ३२० किलोमीटर, सव्वादोन तासांच्या आत कासाब्लांका. मग तिथून एसाविराची बस, ती सहा-सात तास. उकाडा, सूर्यफुलाच्या बिया सोलणारे सहप्रवासी. आम्ही एकेक कान वाटून घेऊन गाणी ऐकत बसलो. सईने यादी करून आणली होती.

तिची यादी 'कॅरव्हॅन'पासून सुरू झाली. १९३६. ड्यूक एलिंग्टनच्या बँडचं म्हणून जग ओळखतं, पण चाल बँडमधल्या हुआन तिसोलची, आणि तिसोल पोर्तो रिकोचा. म्हणजे अरबी वाळवंटाची पहिली मोठी जॅझ चाल कॅरिबियन माणसाने न्यूयॉर्कच्या बँडसाठी बांधली. नंतर डिझी गिलेस्पीची ट्युनिसियाची रात्र, १९४२ ची. ती ऐकून ट्युनिसियातला माणूस स्वतःचा देश ओळखेल असं नाही, पण खालची बासची आवर्तनं क्युबाच्या दिशेने झुकलेली आहेत. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९४७ मध्ये, याच गिलेस्पीने कार्नेगी हॉलमध्ये हवानाच्या चानो पोसोला काँगा, म्हणजे हातांनी वाजवायचे उंच ढोल, घेऊन आपल्या बँडपुढे बसवलं. आफ्रो-क्युबन जॅझला तेव्हा मोठा मंच मिळाला. पोसोला मात्र फार दिवस मिळाले नाहीत; १९४८ च्या डिसेंबरात हार्लेममध्ये त्याचा खून झाला.

"हे सगळे अमेरिकेतले झाले," मी म्हटलं. "अरबांनी काय केलं?"

सई तयारीत होती. मोहम्मद अब्देल वहाबचं १९३३ च्या चित्रपटातलं गाणं लावलं. अभिजात अरबी कविता, कैरोचा गळा, आणि खाली चक्क रुंबा. चित्रपटाच्या आणि तबकडीच्या धंद्याने क्युबाचा ताल नाईलपर्यंत आणला होता. आपल्याकडे सी. रामचंद्रांनी, म्हणजे अण्णांनी, चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांना हाताशी धरून 'अलबेला'मध्ये बाँगो वाजवले ते १९५१ साली. मराठी कानाला लॅटिन ठेका परका वाटत नाही, त्याचं श्रेय अण्णांना आणि गोव्याच्या त्या मंडळींना द्यायला हवं.

पण या प्रवासात माझा सगळ्यात आवडता निघाला तो मॉरिस एल मेदियोनी. अल्जीरियातल्या ओरानचा ज्यू पियानिस्ट, १९२८ चा. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकी फौजा ओरानला उतरल्या तेव्हा हा चौदा वर्षांचा. सैनिकांसाठी कॅफेत पियानो वाजवायचा. गोऱ्या-काळ्या अमेरिकनांकडून बुगी-वुगी उचललं, पोर्तो रिकन सैनिकांकडून रुंबा. आणि घरचं अंदालुसी गाणं होतंच. त्यातून त्याने एक बाज तयार केला: डाव्या हातात रुंबा, उजव्या हातात अरबी अलंकार, सूर इतक्या झपाट्याने एकमेकांवर घासायचे की मधला सूर असल्याचा भास व्हावा. पुढे २००६ मध्ये क्युबन तालवादक रोबेर्तो रोद्रिगेसबरोबर त्याची 'देस्कार्गा ओरिएंताल' ही तबकडी आली, तेव्हा हा अठ्ठ्याहत्तरचा. २०२४ मध्ये तो गेला. बसमध्ये आम्ही ती तबकडी सलग दोनदा ऐकली. कुठेही कुणी कुणाला 'भेटतंय' असं वाटत नाही. एका माणसाच्या बोटांत दोन्ही आधीच होतं.

अंधार पडता पडता एसाविरा. बसमधून उतरलो आणि वाऱ्याने ओढणी उडवली.

गुरुवार, एसाविरा

या गावाचं जुनं नाव मोगादोर. अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्लाने बंदर म्हणून वसवलं, म्हणून बोळ इतर मेदीनांच्या मानाने सरळ आहेत. तटबंदीवर तोफा, खाली निळ्या होड्या, वर सीगल. बारा महिने वारा. बंदराजवळ तारली भाजून देतात, मीठ आणि लिंबू एवढंच. कोकणातल्या माणसाला याहून जास्त काही लागू नये.

महोत्सवाची सुरुवात मिरवणुकीने होते. निरनिराळ्या शहरांचे ग्नावा ताफे रंगीबेरंगी झगे, कवड्या शिवलेल्या टोप्या घालून मेदीनेतून निघतात. टोपीचा गोंडा मान फिरवून गरगरा फिरवायचा आणि पाय मात्र ठेक्यात. पुढे मोठे ढोल, म्हणजे त्बेल, एका हातात वाकडी काठी, दुसऱ्यात सरळ. आणि क्रकेब: लोखंडाच्या जोडपट्ट्या, प्रत्येक हातात एक जोडी. एका बोळात तीस-चाळीस माणसं क्रकेब वाजवत असली की बोलणं बंद होतं. सई माझ्या खांद्यावर क्युबन क्लावेचे, म्हणजे तिकडच्या मूळ ठेक्याचे, पाच ठोके मारत चालली होती, ते क्रकेबमध्ये कुठे बसतात ते शोधत. क्रकेबच्या ठेक्याची गंमत अशी की तो तीनात मोजला तरी चालतो आणि चारात मोजला तरी चालतो. खरं तर तो दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. कॅरिबियन संगीतातही सहा आणि चार असे एकावर एक चालतात. म्हणूनच हे दोघं पहिल्या मिनिटाला एकमेकांना ओळखतात.

रात्री बंदराला लागून असलेल्या मौले हसन चौकात मोठा मंच. फुकट. हजारो माणसं, त्यातली बहुतेक मोरोक्कन तरुण पोरं-पोरी, ज्यांना प्रत्येक ग्नावा गाणं पाठ. पहिल्या रात्री एकामागून एक बरंच काही झालं, आवाज प्रचंड, लक्षात राहिलं थोडं.

शुक्रवार, एसाविरा

दुपारी एका क्युबन ताफ्याची आणि एका मअल्लेमची तालीम लांबून ऐकायला मिळाली. मअल्लेम म्हणजे उस्ताद, गिंब्री त्याच्याकडे. मागे क्रकेब वाजवणारी आणि पालुपद उचलणारी त्याची पाच-सहा मुलं. क्युबनांकडून पियानो, ट्रम्पेट, काँगा, बास गिटार. या महोत्सवाची पद्धत अशी की पाहुणे आणि यजमान काही दिवस आधी एकत्र बसतात आणि मग मंचावर येतात.

तालमीत अडलं ते सुरांवर नव्हे. ग्नावांचे सूर पाचच. पियानोला काही अडचण नाही, फक्त जास्तीचे सूर गाळायचे. तालावरही नाही. अडलं ते खर्जावर. गिंब्री आणि बास गिटार एकाच पट्ट्यात बोलतात. दोघं एकदम वाजले की नुसता गाळ. बासवाल्याने आधी आवाज कमी केला, मग वरच्या सप्तकात गेला, मग सरळ वाद्य खाली ठेवून टाळ्या देऊ लागला. मअल्लेमने मान हलवली. सई एवढंच म्हणाली, "बरोबर केलं त्याने. पण मला जमलं नसतं."

रात्रीचा कार्यक्रम तसाच उलगडला. मअल्लेम एकटा. गिंब्रीची चार-पाच सुरांची चाल, तीच पुन्हा, पुन्हा. मुलांचं पालुपद. क्रकेब अजून मांडीवर. तोवर काँगावाला नुसता बसलेला, डोळे मिटून, तळहात चामड्यावर ठेवून. एक पूर्ण कडवं त्याने जाऊ दिलं. मग फक्त एक ठोका, आवर्तनात एकदाच. मग दोन. क्रकेब उठले तेव्हा काँगाने त्यांच्यातल्या तीनाच्या बाजूला धरलं, आणि पियानो मोंतूनो, म्हणजे फिरत राहणारी क्युबन चाल, घेऊन आला तो चाराच्या बाजूने. माझ्या शेजारचा एक मध्यमवयीन माणूस एक पाय एका लयीत आणि मान दुसऱ्या लयीत हलवत होता.

ट्रम्पेट सगळ्यात उशिरा आला. त्याने चाल वाजवलीच नाही. मुलांच्या पालुपदाला उत्तर तेवढं दिलं. पुकार आणि जबाब. हवानात बाता ढोलांसमोर गाणारा आणि एसाविरात गिंब्रीसमोर गाणारा, दोघांच्या गाण्याचा सांगाडा हाच आहे. साधारण तिसऱ्या गाण्याला गाण्यातल्या देवतेचा रंग बदलला, मंचावरचे दिवेही निळे झाले, आणि काँगावाल्याने योरुबा भाषेत येमायाला हाक घातली. तीही समुद्राची, तिचाही रंग निळा. चौकात आरोळी उठली. हे पूर्वनियोजित असणार. तरी अंगावर काटा आला. मात्र इथे सावध राहायला हवं असं मला वाटतं. क्युबाच्या या देवता योरुबांच्या, म्हणजे गिनीच्या आखाताकडच्या. ग्नावांचे पूर्वज साहेलमधले, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठचे. निळा रंग दोघांचाही म्हणून मूळ एकच, असं निवेदक बेधडक सांगत होता, ते मला पटलं नाही. समुद्राला निळा रंग कुणीही देईल.

मध्यरात्रीनंतर सिदना बिलालच्या झावियात गेलो. हे ग्नावांचं स्वतःचं ठिकाण, तटबंदीजवळ. मंच नाही, निवेदक नाही, लोबानाचा धूर. मूळ विधीला लीला म्हणतात, आपल्या 'लीला'शी संबंध नाही, अरबीत रात्र. रात्रभर एकेका देवतेला, एकेका पिराला क्रमाने बोलवायचं, प्रत्येकाचा रंग, प्रत्येकाची धूप, प्रत्येकाची चाल. ज्याच्या अंगात येईल तो उठेल. आपल्या जागरण-गोंधळात तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची लक्ष्मी अशी एकेकीला नावाने हाक घालतात, त्याच जातीचं काम. इथे जे ऐकलं ते विधी नव्हे, विधीतली गाणी, जाणत्यांसाठी. पण चौकात ज्या चालीवर ट्रम्पेट वाजला होता तीच इथे अर्धा तास चालली आणि कुणाला घाई नव्हती. मंचावर आपण काय कापून ऐकतो ते इथे कळतं. २०१९ मध्ये युनेस्कोने ग्नावाला अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, ते याच अर्ध्या तासासाठी असावा.

शनिवार, एसाविरा

दिवसा बाजार. अर्गान तेल आणि बदामाचं अम्लू, थुया लाकडाच्या पेट्या, आणि एका कारागिराकडे ओळीने टांगलेल्या गिंब्री. सईने भाव विचारला, हसून क्रकेबवर समाधान मानलं.

संध्याकाळी महोत्सवाबाहेरचा एक कार्यक्रम, गावातल्या एका हॉटेलच्या अंगणात. युरोपातून आलेला लॅटिन ताफा, सोबत पूर्वेकडच्या ढंगाची अरबी गायिका आणि कानूनवादक. इथे माझा जुना मुद्दा जसाच्या तसा उभा राहिला. गायिकेने रास्त मकाम घेतला; मकाम म्हणजे अरबांचा राग. रास्तचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधोमध बसतो. ती आणि कानूनवाला त्या जागेवर ठाम. कानूनला प्रत्येक तारेखाली बारीक खटके असतात, ते वर-खाली करून हवा तो सूर मिळतो. आणि कीबोर्डवाला दर आवर्तनाला शुद्ध गंधाराचा भरगच्च झंकार देत होता. दोन ट्रम्पेट त्याच्या बाजूने. गायिका दोनदा थांबली, पाणी प्यायली, पुन्हा तोच प्रकार.

मग तिने हुशारी केली. पुढचं गाणं नहावंद मकामात. नहावंदात मधले सूर नाहीत, कोमल गंधाराचा सरळ मामला, पियानोला पूर्ण चालणारा. एका मिनिटात ताफा जिवंत झाला. त्यानंतरचं हिजाझमध्ये, तेही बसलं. सईला मी म्हटलं, या मिश्रणाच्या तबकड्यांमध्ये नहावंद आणि हिजाझच का सारखे ऐकू येतात आणि रास्त, बयाती, सिकाह क्वचितच का, ते आता दिसलं ना? पियानोला पेलेल तेवढाच अरबस्तान घेतला जातो.

"ओरिएंटल कीबोर्ड मिळतात, मावशी. सूर खाली उतरवायची बटणं असतात त्यावर."

"मग याने का नाही आणला?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. पण तिने इब्राहिम मालूफचं उदाहरण काढलं, आणि ते मात्र बिनतोड होतं. १९८० मध्ये बैरुतला जन्मलेला, पॅरिसचा ट्रम्पेटवादक. त्याचे वडील नसीम मालूफ यांनी १९६० च्या दशकात ट्रम्पेटला चौथी कळ बसवून घेतली, जेणेकरून पाव स्वरांतराचे सूर वाजावेत. मुलगा तेच वाद्य वाजवतो. २०१९ मध्ये त्याने रोबेर्तो फोन्सेकासारख्या क्युबन पियानिस्टांना घेऊन एक तबकडी केली. वाद्यच बदललं, तडजोड केली नाही. आमच्याकडे हेच भांडण हार्मोनियमवरून झालं. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली, ती तीसएक वर्षं टिकली, आणि पुढे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवली. साथीला बसताना मी आजही काही रागांत गंधारावरून बोट उचलून घेते आणि तो सूर गायकाला एकट्याला लावू देते. त्या कीबोर्डवाल्याने एवढंच केलं असतं तरी भागलं असतं.

रात्री चौकातला शेवटचा कार्यक्रम अर्धाच ऐकला. वारा फार होता आणि मला झोप येत होती. सई पहाटे आली, पाय वाळूने भरलेले.

रविवार, परत

माराकेशची बस पकडली, तीन तासांचा रस्ता.

जाणाऱ्यांसाठी थोडं. महोत्सव साधारण जूनच्या शेवटच्या दिवसांत, गुरुवार ते शनिवार. मोठ्या मंचांना तिकीट नाही. दार सुइरी आणि झावियातले छोटे कार्यक्रम तिकिटाचे, आणि ऐकायला तेच चांगले. खोली दोन-तीन महिने आधी ठरवावी, त्या आठवड्यात गाव फुटेस्तोवर भरतं. जून असला तरी रात्रीसाठी जाड जाकीट हवंच. चौकात मंचाच्या डाव्या-उजव्या स्पीकरपाशी उभं राहू नये, गिंब्री तिथे नुसती छातीत धडकते. ध्वनिनियंत्रकाच्या मागे जागा मिळवावी. आणि ज्यांना चौकाची गर्दी नको, गाण्यातलं ज्यू-अरबी अंदालुसी अंग हवंय, त्यांच्यासाठी याच गावात शरद ऋतूत 'अंदालुसी अटलांटिक' नावाचा दुसरा महोत्सव भरतो, २००३ पासून. मेदियोनीच्या घराण्याचं गाणं तिथे ऐकायला मिळेल, म्हणून मी त्याच्या तारखा बघायला लागलेय. सई म्हणते, तिला जूनमध्येच यायचंय, आणि तोवर ती बास गिटारला नायलॉनच्या तारा लावून बघणार आहे.